गल्लीतल्या खाणावळीला दिलेला एक स्टार

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका शेजाऱ्यांनी स्वतःच लिहिलेल्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट मोठ्या अभिमानाने टाकला. मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून नव्याने सुरू झालेल्या खाणावळीला त्यांनी गूगलवर एक स्टार बहाल केला होता. भाकऱ्या एकेक करून येतात, मेनूकार्डावरचे निम्मे पदार्थ मिळत नाहीत आणि बिलात जीएसटी लावलेला नाही, म्हणजे ‘काहीतरी गडबड आहे’, अशी कारणे त्यांनी दिली होती. त्याखाली भराभर अंगठे उमटले. अंगठे देणाऱ्यांपैकी किती जण तिथे जेवले आहेत, हे विचारायची मात्र सोय नाही.

मी जेवले आहे. याच मंगळवारी कामावरून परतायला इतका उशीर झाला की स्वयंपाकघरात शिरायचे त्राण उरले नव्हते, आणि सासूबाईंनी ‘आता पुन्हा इडली-डोसा नको’ असे निक्षून सांगितले होते, म्हणून आम्ही तिघे रेटिंग-बिटिंग न पाहता त्या खाणावळीत शिरलो. मोजकी टेबले, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि काउंटरच्या पलीकडे उघडी भट्टी, जिच्यासमोर एक बाई उभ्याने भाकऱ्या थापत होत्या. सासूबाई मूळच्या मंगळवेढ्याच्या. तिथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, त्यामुळे भाकरीच्या बाबतीत त्यांचे समाधान करणे सोपे नाही. पहिली भाकरी ताटात पडली तेव्हा त्यांनी आधी तिची कड बोटाने चाचपली, कुठे चिरली आहे का ते पाहिले आणि म्हणाल्या, “विरी आहे गं पिठाला.” (विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, जो असला की भाकरी चिरत नाही.) पलीकडून हात न थांबवता उत्तर आले, “कालच दळून आणलंय, आजी.”

आता त्या ‘एकेक करून’ या तक्रारीकडे येते. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते, त्यामुळे पोळ्यांची कणीक मळून ठेवतात तसे तिचे पीठ सकाळी मळून ठेवता येत नाही. गरम पाण्यात एका भाकरीपुरते पीठ घ्यायचे, तळहाताच्या टाचेने ते रगडून रगडून मऊ करायचे, लगेच थापायचे, तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी थेट जाळावर फुगवायची, असा तो प्रकार आहे. मग तीच प्रक्रिया पुढच्या भाकरीसाठी पहिल्यापासून. (सोलापूरकडची कडक भाकरी करून ठेवता येते आणि टिकतेही, पण ती वेगळी आणि ती इथे कोणी मागितलेली नव्हती.) चार भाकऱ्या एकदम ताटात आल्या असत्या, तर त्यातल्या तीन गार होऊन चामट झालेल्या असत्या आणि मग याच गृहस्थांनी ‘शिळे अन्न देतात’ असे लिहिले असते.

मला खरा संताप येतो तो यापुढच्या गोष्टीचा. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले, आपल्या सरकारने या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा याच ग्रुपवर ज्वारी-बाजरी-नाचणीच्या गुणगानाचे संदेश दिवसाआड येत होते. नाचणीच्या कुकीज महागड्या बेकरीतून मागवून त्यांचे फोटो टाकले गेले. आणि आता एक बाई तेच श्री अन्न हाताने थापून गरम गरम ताटात वाढते आहे, तर आमच्याने दहा मिनिटे दम धरवत नाही!

मान्य आहे, मेनूकार्ड गचाळ आहे. पनीर टिक्का, मंचुरियन, व्हेज कोल्हापुरी असे सगळे छापून ठेवायचे आणि मागितले की ‘आज नाही’ म्हणायचे, हे मलाही खटकले. पिठले, भरीत, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि भाकरी एवढेच तिथे खरोखर शिजते आणि तेवढेच कार्डावर असावे. पण तसे केले असते, तर ‘मुलांसाठी काहीच नाही’ म्हणून आपल्यापैकीच कोणी आल्या पावली परत गेले असते, हेही तितकेच खरे.

राहता राहिला जीएसटी. आमचे मंगळवारचे बिल अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्याच्या माथ्यावर इंग्रजीत स्पष्ट छापले आहे की हा व्यवसाय कंपोझिशन योजनेत असून त्याला ग्राहकाकडून कर गोळा करता येत नाही. वर्षाला दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या खाणावळींना ही योजना निवडता येते. त्या आपल्या उलाढालीवर 5 टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतात आणि ग्राहकाच्या बिलात तो लावायची त्यांना कायद्याने मनाई असते. म्हणजे ज्या गोष्टीला शेजारी गडबड म्हणतात, ती गडबड नाहीच; उलट बिलात कर लावला असता, तर ती खरी गडबड ठरली असती. हेच गृहस्थ गेल्या दिवाळीत एका झकपक हॉटेलात आमच्यासोबत होते. तिथे बिलात 10 टक्के सेवाशुल्क परस्पर लावलेले होते आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येणार नाही असे म्हटलेले असूनही त्यांनी ते निमूटपणे भरले. तिथे आवाज चढत नाही, कारण तिथला वाढपी इंग्रजी बोलतो.

हे जरा जास्तच लागेल, पण खोडत नाही. शेजारी मनाने वाईट नाहीत. सासूबाई आजारी होत्या तेव्हा रात्री औषध आणून देणारे तेच होते. भूक लागल्यावर ताटकळलेल्या माणसाची चिडचिड होते, हेही मी समजू शकते. ती त्यांनी तिथेच काउंटरवर बोलून दाखवली असती तर माझी काहीच हरकत नव्हती. सासूबाईंनीही पिठल्यात मीठ कमी आहे असे तोंडावर सांगितलेच की, आणि त्या बाईंनी लगेच मिठाची वाटी पुढे केली.

शेजारीबुवा, तुम्ही हे वाचाल हे मला ठाऊक आहे. चवीबद्दलचा तुमचा एक स्टार तुम्हाला ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण जीएसटीचे ते वाक्य आजच काढा. तो चवीचा अभिप्राय नाही, करचोरीचा आरोप आहे आणि तो खोटा आहे. बिलाचा फोटो मी तुम्हाला वेगळा पाठवते आहे.