चार तासांची खोली आणि एक स्टार

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला आणि मग काउंटरवरच्या पोराला वाचायला दिला, कारण निम्मी तक्रार त्याच्यावर आहे. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही आई आणि मिसेसना घेऊन रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलात, आंघोळीपुरती चार तास खोली घेतलीत. गरम पाणी मिळालं नाही, बाथरूमची कडी लागत नव्हती. शेजारच्या खोलीतून एक मुलगा आणि मुलगी बाहेर पडले आणि ‘मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं’. तुम्ही काउंटरला रजिस्टर मागितलंत, पोराने दिलं नाही. म्हणून एक स्टार, आणि शेवटी ‘देवीच्या गावात फॅमिली लॉजच्या नावाखाली अड्डा, पोलिसांना कळवणार’.

आधी पाण्याचं बोलतो, कारण तिथे चूक आमचीच आहे. आमचा सोलर एरवी पुरतो. पण सुट्टीच्या सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसची सगळी माणसं एकदम येतात, प्रत्येकाला लवकर आंघोळ उरकून देवळाच्या रांगेत उभं राहायचं असतं, आणि साडेआठनंतर नळाला येतं ते थंडगार पाणी. त्या मजल्यावर आता गीझर बसवलाय. कडीचा स्क्रू कुणीतरी काडेपेटीची काडी खुपसून घट्ट केला होता, कडी काढल्यावर ती काडी हातात आली. मालक म्हणून ते मला आधी दिसायला हवं होतं. आईंना त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो, आणि खोलीचे पूर्ण पैसे परत करतो.

आता दुसरं. तासावर खोली म्हणजे काहीतरी काळंबेरं, असं तुमच्या लिहिण्यातून निघतं. पण सर, तुम्ही स्वतः तासावरच खोली घेतली होती. ही पद्धत आमच्याकडे जोडप्यांमुळे सुरू झाली नाही, भाविकांमुळे झाली. वडील लॉज बघत होते तेव्हा पहाटेच्या एसटीने लोक उतरायचे. आंघोळ, दर्शन, जोतिबा, आणि संध्याकाळची परतीची गाडी. त्यांना चोवीस तासांचं भाडं परवडायचं नाही. म्हणून वडिलांनी चार तासांचा दर काढला. पुढे परीक्षेला आलेली पोरं आली, दवाखान्यात पेशंट ठेवून दोन तास पाठ टेकायला आलेले नातेवाईक आले. जोडपीही आली. खोली तीच, गादी तीच, दर तोच. तुमच्या पावतीवरचा आकडा आणि त्या दोघांच्या पावतीवरचा आकडा यात एका रुपयाचा फरक नाही.

वडिलांच्या वेळच्या रजिस्टरात एक रकाना असायचा, ‘सोबतच्या व्यक्तीशी नाते’. लाल कापडी बांधणीची ती जुनी रजिस्टरं मी चाळली आहेत. त्या रकान्यात सगळीकडे ‘पत्नी’ आणि नावाच्या जागी सगळीकडे ‘श्री. व सौ. पाटील’. कोल्हापुरात पाटील कमी नाहीत हे मान्य, पण इतके? शाई एकच, अक्षर एकच, कारण लिहून घेणारे वडीलच. त्यांना कळायचं, समोरच्यालाही कळायचं. एकाने खोटं बोलायचं, दुसऱ्याने ते टिपून घ्यायचं, आणि दोघांची इभ्रत शाबूत. तुम्हाला हवी असलेली जुनी शिस्त ती हीच. मी तो रकाना बंद केला. आता दोघांचं ओळखपत्र वेगवेगळं घेतो, दोघांची सही वेगवेगळी. खरं नाव, खरा पत्ता. तुमच्या दृष्टीने हे घसरणं असेल, माझ्या दृष्टीने रजिस्टर पहिल्यांदाच खरं झालंय.

मंगळसूत्राची चौकशी मी करत नाही. कारण तसा नियमच नाही. कोइम्बतूरला एका सर्व्हिस अपार्टमेंटला याच कारणावरून टाळं लागलं होतं. तेव्हा २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाने साफ सांगितलं, की लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषाने हॉटेलात एका खोलीत राहायला बंदी करणारा कायदा नाही. त्याआधी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांतून चाळीसेक जोडप्यांना उचललं होतं, तेही आठवत असेल. ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ म्हणून दंड केला, काहींना घरी फोन लावायला लावले. आतून कडी लावलेली खोली सार्वजनिक कशी, हा प्रश्न तेव्हा पेपरांतून इतका गाजला की पोलीस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण त्या बातमीनंतर चार रात्री नीट झोपला नव्हता. मीसुद्धा.

‘अड्डा’ या शब्दाबद्दल मात्र थोडं कडक बोलतो. पैसे घेऊन देहविक्रय करवणं आणि त्यासाठी जागा देणं हा १९५६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. तसा संशय असेल तर रिव्ह्यू लिहीत बसू नका, तिथून ११२ फिरवा. आमच्याकडे अठराच्या आतलं कुणी असेल तर खोली मिळत नाही, सोबतचा माणूस कितीही ‘मोठा भाऊ’ म्हणून सांगो. आधारवरची जन्मतारीख पोरगा मोठ्याने वाचतो, त्यावरून शिव्याही खातो. मुलगी गप्प असेल आणि सगळं तोच बोलत असेल, तर आमच्या मावशी तिला ‘पाणी घ्या’ म्हणून बाजूला घेतात आणि विचारतात. दोनदा आम्ही अशी खोली नाकारली आहे. मंगळसूत्र बघून यातलं काही कळलं नसतं. तेव्हा गळ्यात काय आहे ते आम्ही बघत नाही, वय बघतो आणि मर्जी बघतो.

जोडपी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कॉलेजची पोरं येतात. माझ्या डोळ्यांसमोर एक नवरा-बायको येतात. कुठले, ते सांगणार नाही. घरी दोन खोल्या आणि सात माणसं, मधे साडीचा पडदा. महिन्या-दोन महिन्यांनी दुपारी येतात, सोबत डबा आणतात. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत, तरी बाई जिना चढताना पदर तोंडावर ओढून घेते. मावशींनी एकदा विचारलं, तुम्हाला कसली लाज? ती म्हणाली, गल्लीत कळलं तर म्हणतील घर असताना लॉजवर कशाला जाते. मंगळसूत्र आहे हो तिच्या गळ्यात. तरी तोंड लपवावं लागतं. रंकाळ्यावर नुसतं बाकावर बसलं तरी दहा माणसं वळून बघणाऱ्या आपल्या गावात, दार लावून बोलायला जागा नसलेली माणसं फक्त बिनलग्नाची नाहीत.

माझा भाचा ओसाकाला नोकरीला आहे. तिथे असल्या हॉटेलांच्या दारावर दोन दर उघड लावलेले असतात म्हणे, एक ‘विश्रांती’चा, एक ‘मुक्कामा’चा. खोलीचा फोटो बघून बटण दाबायचं, माणसाचं तोंडही दिसत नाही. मला तसलं जमणार नाही. इथे कागद बघावे लागतात, चेहरा बघावा लागतो. पण दर पाटीवर उघड लावायची कल्पना आवडली.

पाटीवरून आठवलं. ‘फॅमिली लॉज’ कशाला लिहिता, ही तुमची तक्रार रास्त आहे. ती पाटी वडिलांची. त्या काळी त्याचा अर्थ एवढाच होता की इथे दारू पिऊन दंगा चालत नाही, बायका-माणसांना घेऊन या. आज ती वाचून तुमच्यासारख्यांचा गैरसमज होतो, आणि जोडप्यांना वाटतं आपण चोरून आलोय. नवीन पाटीवर नुसतं ‘लॉज’ असेल. वयस्कर माणसं सोबत असली की खालचा मजला द्यायला पोराला सांगितलंय, कारण आईंना अवघडल्यासारखं झालं असेल ते मी समजू शकतो. खरं सांगायचं तर हे करतानाही मन खातं. जोडप्यांना वरच्या मजल्यावर ढकलणं म्हणजे झाकणंच की.

रजिस्टर मात्र मिळणार नाही. पोलीस रीतसर आले तर त्यांना दाखवतो, दुसऱ्या कुणाला नाही. पोराने केलं ते माझ्या सांगण्यावरूनच केलं, त्याला बोलणी बसली ती माझ्या नावावर टाका. उद्या कुणी येऊन तुमच्याबद्दल विचारलं, रविवारी हे आले होते का, सोबत कोण होतं, तर त्यालाही तो हेच सांगेल.

आणि एक. तुमची एक वस्तू खोलीत राहिली आहे, मावशींना उशीखाली सापडली. काय आहे ते इथे लिहीत नाही. काळजी करू नका, आईंचीच आहे, पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे. तुमचा पत्ता रजिस्टरात आहे, पण तुम्ही फोन करून हो म्हटल्याशिवाय त्यावर कुरिअर पाठवणार नाही.