रोझ बोलमध्ये दोन्ही संघ एकाच घरचे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात आणि सीझन संपल्यावर त्यातल्या चांगल्या संघांना 'बोल' नावाच्या खास सामन्यांना बोलावतात. "कॉन्फरन्स मोठ्या झाल्या म्हणून बोलच्या निवडीत काय फरक पडणार? सहा मॅच जिंका, बोल मिळतो. आधीही तेच होतं," मन्या म्हणाला आणि फ्रीमॉन्टच्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला. अर्धे जण बर्कलीला शिकलेले. बर्कलीची पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स, पॅक-१२, मोडल्याची जखम अजून ओली आहे.

"पडलाय फरक," मी म्हटलं. "१ जानेवारी २०२५चा रोझ बोल आठव. ओहायो स्टेट ४१, ऑरेगन २१. दोघंही बिग टेन या एकाच कॉन्फरन्सचे!"

१९४७पासून अर्धं शतकभर, एकही वर्ष न चुकता, हा सामना बिग टेन विरुद्ध पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स असाच झाला. वर्षभर एकमेकांसमोर न आलेले संघ रोझ बोलच्या गावी, पॅसाडिनात भिडायचे, त्यातच खरी मजा होती. हे दोघे मात्र ऑक्टोबरातच खेळून बसले होते. ऑरेगनने ३२-३१ने मारली होती.

आप्पा म्हणाले, "अरे, ती राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफची क्वार्टर फायनल होती. बारा संघांच्या ड्रॉमध्ये तशी जोडी लागली. त्यात कॉन्फरन्सचा काय दोष?"

"मग आप्पा, तुम्ही अलामो बोल घ्या. त्याचा प्लेऑफशी संबंधच नाही. डिसेंबर २०२४, बीवाययू (ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी) विरुद्ध कोलोरॅडो. दोघंही बिग १२ या कॉन्फरन्सचे. जुन्या पॅक-१२चे बोल-करार २०२५च्या सीझनपर्यंत होते, म्हणून कोलोरॅडोसारखे सोडून गेलेले संघ बोलपुरते पॅक-१२च्याच कोट्यात धरले गेले."

"म्हणजे राहायचं एका घरी आणि रेशनकार्ड दुसऱ्या घरचं," आप्पा म्हणाले. हे त्यांना पटलं.

मन्याला नाही पटलं. "लोकांनी ती मॅच आवडीने बघितली ना? मग झालं."

सुऱ्या इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "तुझ्या सहा विजयांचंच बघू. एसईसी या कॉन्फरन्समध्ये आता सोळा संघ आहेत. प्रत्येकी आठ लीग सामने, म्हणजे आपापसातले, धरले, तर एकूण ६४ मॅच, म्हणजे ६४ पराभव. २०२६पासून प्रत्येकी नऊ, म्हणजे ७२. हे वाढीव आठ पराभव कोणाच्या तरी माथी बसणारच. वरचे संघ सावरतील. कसाबसा ६-६ करणारा पाचवर अडकेल."

"जागा उरल्या तर पाचवाल्यालाही बोलावतात," मन्या म्हणाला.

"बोलावतात, पण ते अभ्यासातल्या कामगिरीच्या क्रमाने, खेळ बघून नाही."

आणि एसीसी ही कॉन्फरन्स? सतरा संघ, सगळे एकमेकांशी खेळूच शकत नाहीत. २०२५मध्ये पाच संघ दुसऱ्या जागेवर बरोबरीत आले आणि टायब्रेकरने ७-५वालं ड्यूक कॉन्फरन्सच्या फायनलला गेलं. ड्यूकने फायनल जिंकलीसुद्धा! तरी प्लेऑफमधल्या चॅम्पियनसाठीच्या जागा दुसऱ्या, छोट्या कॉन्फरन्सच्या टुलेन आणि जेम्स मॅडिसनला गेल्या. एसीसीची फायनलही न खेळलेल्या मायामीला मात्र प्लेऑफच्या निवड समितीने घेतलं. मला हे खरंच लागतं. चॅम्पियन होऊन दार बंद असेल, तर पोरांनी लीग खेळायची कशासाठी?

"मग तुझं म्हणणं काय, कॉन्फरन्स पुन्हा लहान करायच्या?" मन्याने विचारलं.

त्या होणार नाहीत, टीव्हीचा पैसा होऊ देणार नाही. पण प्लेऑफबाहेरच्या बोलमध्ये एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ समोरासमोर आणायचे नाहीत, एवढं कलम करारात घालायला काय हरकत आहे? सुऱ्या आणि आप्पा माझ्या बाजूने आहेत. मन्या अजून बीवाययूच्या मॅचचंच सांगतोय.