पाच वॅटला परदेश लागत नाही म्हणे

आमच्या परभणीच्या ग्रुपवर हॅम रेडिओचा (लायसन्स काढून हौसेनं वायरलेसवर लांबलांबच्या लोकांशी बोलायचा नाद) एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा फिरून आलाय. म्हणे हा पैसेवाल्यांचा शौक, किलोवॅटचा अँप्लिफायर अन टॉवरवर बीम (एकाच दिशेला जोर लावणारी अँटेना) नसल तर परदेश लागतच नाही, पाच वॅटवर शेजारचं गाव बी ऐकत नाही, अन समुद्रापासून एवढ्या लांब मराठवाड्यात तर हा नादच सोडा. वर सगळ्यांचे अंगठे.

किलोवॅटचं आधी संपवतो. आपल्याकडं जनरल ग्रेडच्या लायसन्सवाल्याला बी 400 वॅटच्या वर जाता येत नाही, मग हा किलोवॅट कुठून आणला?

आता पाच वॅट. 100 वरून 5 वर आलं की पॉवर वीसपट कमी, ऐकायला लई वाटतं, पण डेसिबलमधे ते 13च, अन एस-मीटरचं (सिग्नलचा जोर दाखवणारा रेडिओवरचा काटा) एक घर 6 डेसिबलचं, म्हणजे दोन घरं अन वर थोडं. समोर एस-9 पोचत होता तर आता एस-7च्या जरा खाली. हां, आधीच एस-2वर रडतखडत पोचत असाल तर गेलात, तेवढं मान्य. तिथं मोर्स नाहीतर एफटी-8, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल प्रकार. हे 2017ला आलं अन कानाला अजिबात न ऐकू येणारा, गोंगाटाखाली दबलेला सिग्नल बी वाचतं. पण त्यात कॉलसाइन (आपलं रेडिओवरचं नाव), सिग्नलचा रिपोर्ट, ग्रिड (जागेचा कोड, आमचा एमके-89), राम राम, संपलं. कोरडं काम आहे, मला बी तसंच वाटतं.

शेजारच्या गावाचं मात्र अर्धं खरंय, फक्त कारण चुकलंय. 20 मीटर बँडवर (14 मेगाहर्ट्झच्या आसपास) जमिनीलगतची लहर थोड्या अंतरातच विरते, अन वर गेलेली आयनोस्फिअरमधून (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) वाकून उतरते ती पार शेकडो-हजारो किलोमीटर पलीकडं, मधला पट्टा कोरडाच राहतो. म्हणून लातूरचा दोस्त ऐकत नाही अन इटलीवाला उत्तर देतो. पॉवर वाढवून यात फारसं काही होत नाही.

टॉवर म्हणाल तर माझी अँटेना, डायपोल, म्हणजे घरातल्या वायरिंगची वायर, लांबी 143 भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी 14.1, म्हणजे साधारण 10.1 मीटर, मधून कापून दोन तुकडे, एक टोक गच्चीवरच्या टाकीला अन दुसरं लिंबाला. दहा मीटर उंची मिळाली असती तर बरं झालं असतं, सातवर भागवतोय. समुद्राचं म्हणाल तर खाऱ्या पाण्याचा फायदा उभ्या अँटेनाला होतो हे खरंच आहे, आडव्या डायपोलला त्याचं तेवढं पडलेलं नसतं.

खरा वैरी कोणता ते त्या फॉरवर्डमधे कुठंच नाही. गोंगाट! गल्लीतले एलईडी बल्ब, स्वस्तातले चार्जर, इन्व्हर्टर, सगळे मिळून रिसीव्हरमधे अशी घरघर करतात की समोरचा ओरडत असला तरी आपल्यालाच ऐकू येत नाही, अन आपण म्हणतो पॉवर कमी पडली. म्हणून लोडशेडिंग झालं की घरचे कपाळाला हात लावतात अन मी बॅटरी घेऊन गच्चीवर पळतो. एकदा संध्याकाळी सातला लाईट गेली, बँड एकदम शांत, मोर्सवर तिसऱ्या हाकेला इटलीचं स्टेशन आलं, सहा हजार किलोमीटरच्या वर, पाचच वॅट. लाईट आली अन तो घरघरीत बुडाला, निरोप बी नीट घेता आला नाही.

टॉवरवाल्याला फायदाच नाही असं म्हणणं नाही. एखाद्या बेटावरचं दुर्मिळ स्टेशन लागलं की त्या गर्दीत तो आधी घुसतो, आम्ही तासभर हाका मारतो अन कधीकधी तसंच उठून जेवायला जातो.