युवा सहभाग नोंदवण्याआधी एवढं वाचा

तरुण मित्रांनो, समाजकार्याची ऊर्मी आली असेल तर आधी पांढरा टी-शर्ट धुऊन ठेवा. सरकारला तुमच्या सहभागाची तहान रात्री साडेदहाला लागते. मग माझ्यासारख्या एनएसएसच्या (म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या) प्रोग्राम ऑफिसरच्या व्हॉट्सॲपवर निरोप येतो: 'उद्या स. ७ वा., भिडे पुलाजवळ नदीपात्र, १०० विद्यार्थी, पांढरे टी-शर्ट, पत्र मागाहून.' पत्र अजून मागाहूनच येतंय.

'माय भारत' हे तरुणांसाठीचं सरकारी पोर्टल २०२३ पासून आहे, तिथे नाव घाला. मोजणीत असणं महत्त्वाचं.

आता मुख्य सूचना. काम करू नका. गेल्या रविवारी माझ्या पोरांनी नेमकी ही चूक केली. सातला हजर झाली, पाहुण्यांचा पत्ता नाही, नुसतं काय बसायचं म्हणून गोण्या घेऊन काठ वेचायला लागली. वेफर्सची पाकिटं, निर्माल्याच्या कॅरीबॅगा, एक अख्खी भिजलेली गादी. सव्वाआठला काठ चकाचक! तेवढ्यात संयोजक धावत आले, "सर, थांबवा हो त्यांना! साहेबांनी काय उचलायचं?" आणि दोन गोण्या बॅनरसमोर परत उलट्या केल्या. (गादी नाही आणली. फोटोत बरी दिसत नाही.) साहेब पावणेदहाला आले, कोरे हातमोजे घालून चार पाकिटं उचलली, शाल-श्रीफळ घेतलं, युवाशक्तीवर वीस मिनिटं बोलले. हातमोजे फक्त पाहुण्यांना होते. एका मुलीच्या बोटात काच गेली होती, ती रुमाल गुंडाळून टाळ्या वाजवत होती. गांधीजींच्या जन्मशताब्दीत, १९६९ साली, एनएसएस सुरू झाली. तिचं ब्रीद 'नॉट मी, बट यू'. म्हणजे वाकायचं तुम्ही, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

सूचना तर अजिबात करू नका. राष्ट्रीय युवा धोरणाप्रमाणे (२०१४) तुम्ही १५ ते २९ या वयातच युवा. फाइल दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत तिशी उलटते.

आमच्या पोरांनी एनएसएसचे वर्षाचे १२० तास नुसते भरले नाहीत. सहा रविवार नदीकाठाने हिंडून कुठला नाला कुठे मिळतो, कुठे राडारोडा टाकतात, सगळं नकाशावर काढलं. अर्जासोबत कचेरीत दिलं, आवक क्रमांक मिळाला. चार महिने झाले. विचारायला गेलं की साहेब मीटिंगला, नाहीतर "ते आमच्याकडे येत नाही".

कुणाकडे येतं मग? शंभर पोरं एका रात्रीत हवी असतात तेव्हा बरोबर सगळ्यांचे नंबर सापडतात तुम्हाला! लाज वाटत नाही, वेचलेला कचरा पोरांच्या डोळ्यांदेखत परत ओतायला? आणि वर भाषणात म्हणायचं, तरुण पुढे येत नाहीत. आली होती, सातला आली होती, तुम्ही झोपला होतात.

पुढच्या वेळी नुसते पांढरे टी-शर्ट हवे असतील तर लक्ष्मी रोडवर मिळतात. आत माझी पोरं हवी असतील, तर आधी त्या अर्जाचं उत्तर द्या.