जनुकं आणि आमच्या घरातले दोघे भाऊ

मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, असं एका लेखात वाचलं; ते आमच्या घरात तरी पटतं. वडील आणि काका, दोघांनाही वीसेक वर्षं शुगर. काका पथ्याच्या बाबतीत आनंदीआनंद, तरी पडदा स्वच्छ. वडिलांना मात्र लेझर घ्यावं लागलं. पण म्हणून "नशिबातच आहे" म्हणत गुलाबजाम ओढू नका! टाइप १ मधुमेहाच्या (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या डीसीसीटी अभ्यासात (१९९३) साखर काटेकोर सांभाळणाऱ्यांमध्ये हा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. व्हीईजीएफसारख्या (रक्तवाहिन्यांच्या वाढीशी संबंधित) जनुकांवरचे निष्कर्ष अजून एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे महागडी जनुकचाचणी कशाला? टाइप २ (बहुतेकांना होतो तो) मधुमेह असेल तर निदान होताच डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या. वडिलांना नजर धूसर होईपर्यंत कुणी हे सांगितलंच नव्हतं.