डेलीला क्लीन चिट दिलेली नाही, सडेतोड साहेब

सडेतोड साहेब, नमस्कार.

प्रतिक्रिया मिळाली. चांगलीच तापून लिहिलीय तुम्ही, पण मुद्दे आहेत त्यात, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की १९६० सालच्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत (डेमोक्रॅट केनेडी विरुद्ध रिपब्लिकन निक्सन) इलिनॉय राज्यात, म्हणजे शिकागोच्या राज्यात, मतदानात गडबड झाली हे खरं, पण त्या गडबडीने केनेडीला राष्ट्राध्यक्ष केलं असं म्हणायला आधार नाही. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की शिकागोत मेलेली माणसं मतदान करतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मी शिकागोचा तेव्हाचा डेमोक्रॅट महापौर डेली याला क्लीन चिट देऊन मोकळा झालो, निक्सनने देशासाठी मोठं मन केलं आणि गप्प बसला ते मला दिसलंच नाही, माफियाने मतं पुरवली ते मी लपवलं, आणि एकंदरीत मी डेमोक्रॅट भक्त आहे. शिवाय साहेब बरीच वर्षं शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहतात आणि मी ठाण्यात बसून त्यांना इलिनॉय शिकवतो याचाही राग आहे. राग कळतो, पण १९६० च्या नोव्हेंबरात तुम्हीही तिथे नव्हता आणि मीही नव्हतो, त्यामुळे दोघांनाही कागदावरच भागवावं लागणार.

भक्तीचं सोडून देतो, याच ब्लॉगवर मला रिपब्लिकनांचा दलालही म्हणून झालंय.

आधी गणित, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ते कुठेच नाही. इलिनॉयमध्ये केनेडीला २३,७७,८४६ मतं आणि निक्सनला २३,६८,९८८, म्हणजे फरक फक्त ८,८५८ चा. साडेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास मतदानात हा फरक म्हणजे काहीच नाही, एखाद्या मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सची वस्ती. हे वाचल्यावर कोणालाही वाटणारच की इथेच खेळ झाला. पण अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही, प्रत्येक राज्याची ठरावीक इलेक्टोरल मतं असतात आणि राज्य जिंकणाऱ्याला सहसा ती सगळी मिळतात. त्या साली एकूण इलेक्टोरल मतं ५३७ होती, जिंकायला २६९ लागायची, आणि केनेडीकडे होती ३०३. इलिनॉयची २७. काढून टाका, उरतात २७६, तरी केनेडीच. निक्सनकडे २१९ होती, त्यात २७ मिळवली तर २४६, म्हणजे इलिनॉय आख्खं ताटात वाढून दिलं असतं तरी तो घरीच बसला असता. त्याला सोबत टेक्सासची २४ पण हवी होती, तेव्हा कुठे २७० होतात, आणि टेक्सासमध्ये फरक होता ४६ हजारांचा. तेव्हा 'इलिनॉय चोरलं म्हणून केनेडी आला' हे वाक्य शिकागोतला प्रत्येक आरोप खरा धरला तरी उभं राहत नाही. मागच्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं, यात क्लीन चिट कुठे आली?

आता गडबडीबद्दल, कारण ती झाली होती आणि मी ती लपवत नाही. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचा अर्ल मॅझो नावाचा पत्रकार शिकागोत जाऊन फिरला, आणि त्याने नंतर सांगितलेल्या गोष्टी खतरनाक आहेत. एक कब्रस्तान, जिथल्या थडग्यांवरची नावं मतदार यादीत होती आणि त्यांनी मतदानही केलं होतं. एक घर, आतून पूर्ण मोडून टाकलेलं, राहायला कोणी नाही, आणि त्या पत्त्यावरून केनेडीला ५६ मतं. पुढे स्पेशल प्रॉसिक्यूटर मॉरिस वेक्सलरने साडेसहाशेच्या वर निवडणूक कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवला, ते प्रकरण १९६१ मध्ये कोर्टात उडालं आणि उडवणारा जज डेलीच्याच पक्षाचा होता. तरी १९६२ मध्ये २८ व्या वॉर्डातल्या एका निवडणूक अधिकाऱ्याने मतांमध्ये फेरफार होताना पाहिल्याचं कबूल केल्यावर तीन कार्यकर्ते गुन्हा कबूल करून जेलमध्ये गेले. तेव्हा शिकागोत सगळं सोवळ्यात झालं असं म्हणणारा मी कोण.

पण ही गडबड कोणासाठी केली होती, हा प्रश्न तुम्ही विचारतच नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे.

त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, खाली आणखी एक निवडणूक होती, कुक काउंटीच्या (शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या) स्टेट्स अॅटर्नीची. म्हणजे काउंटीचा मुख्य सरकारी वकील, कोणावर खटला भरायचा आणि कोणाला सोडायचं हे ठरवणारा माणूस. त्या खुर्चीत बेंजामिन अॅडमोव्स्की बसला होता. हा पोलिश वस्तीचा लाडका, मूळचा डेमोक्रॅटच, आणि १९५५ च्या महापौरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, डेलीच्या विरोधात उभा राहिलेला. तिथे हरला, पक्ष सोडला, १९५६ मध्ये रिपब्लिकन म्हणून स्टेट्स अॅटर्नी झाला, आणि मग चार वर्षं हात धुऊन सिटी हॉलच्या, म्हणजे डेलीच्या कारभाराच्या, मागे लागला. त्यात १९६० च्या जानेवारीत समरडेलचं प्रकरण फुटलं. समरडेल पोलीस ठाण्याचे काही पोलीस एका चोराबरोबर मिळून रात्री दुकानं फोडत होते, चोर पकडला गेला आणि भडाभडा बोलायला लागला, आणि अॅडमोव्स्कीने पोलिसांच्या घरांवर छापे घालून ट्रकच्या ट्रक चोरीचा माल बाहेर काढला. डेलीची एवढी नाचक्की कधी झाली नव्हती, पोलीस कमिशनर घालवावा लागला आणि बाहेरून ओ. डब्ल्यू. विल्सन नावाचा क्रिमिनॉलॉजीचा प्रोफेसर आणून बसवावा लागला. आता असा माणूस आणखी चार वर्षं त्या खुर्चीत राहिला असता तर डेलीच्या मशीनमधले, म्हणजे पक्षाच्या यंत्रणेतले, किती लोक आत गेले असते याचा विचार करा. केनेडी व्हाइट हाउसमध्ये गेला तर डेलीची प्रतिष्ठा वाढणार, दिल्लीत आपला माणूस असल्यासारखं. पण अॅडमोव्स्की राहिला तर घरावर धाड. ज्याने कधी नगरपालिकेचं राजकारण जवळून बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

अॅडमोव्स्की हरला, डीपॉल लॉ कॉलेजचा डीन डॅनियल वॉर्ड जिंकला, फरक २५ हजारांच्या आसपास. आणि जेव्हा फेरमोजणी झाली, कुक काउंटीतल्या कागदी मतपत्रिकांच्या नऊशेच्या आसपास बूथची, तेव्हा निक्सनची वाढली किती तर ९४३. नऊशे त्रेचाळीस! त्यातही जवळपास चाळीस टक्के बूथमध्ये निक्सनला आधी जास्तच मतं मोजली होती असं निघालं. अॅडमोव्स्कीची वाढ मात्र निक्सनपेक्षा कितीतरी जास्त होती. एडमंड कलीना नावाच्या इतिहासकाराने हे सगळे कागद बसून तपासले आणि त्याचाही निष्कर्ष असाच आहे की निक्सनकडून इलिनॉय हिसकावलं हे पुराव्याने सिद्ध होत नाही, जास्त जोर सरकारी वकिलाच्या निवडणुकीवर होता. म्हणजे चोरी झाली, पण चोर तिजोरी फोडायला आला होता आणि आपण साठ वर्षं भांडतोय दिवाणखान्यातल्या घड्याळावरून.

इथे तुमचा एक मुद्दा मी मान्य करतो, म्हणजे तुम्ही तो नीट मांडला नाहीये पण मांडू शकला असता. शिकागोत बऱ्याच बूथवर मतदान यंत्रं होती, लिव्हर ओढायची, आणि यंत्रावर दिवस संपल्यावर फक्त काट्यांवरचा आकडा उरतो, परत मोजायला कागदच नाही. कोणी सकाळी दार उघडायच्या आधी किंवा संध्याकाळी बंद झाल्यावर चार-चार वेळा लिव्हर ओढला असेल तर ते फेरमोजणीत कधीच दिसणार नाही. तेव्हा ९४३ हा शेवटचा आकडा आहे असं मी म्हणत नाही. पण यंत्रांमध्ये ८,८५८ निघाले असते असं म्हणायचं तर तुम्हाला काहीतरी दाखवावं लागेल, आणि ते कोणीही दाखवलेलं नाही, त्या वेळच्या रिपब्लिकन पक्षानेसुद्धा नाही.

यावरून निक्सनच्या मोठ्या मनाकडे येतो. स्वतः निक्सनने जाहीरपणे निकालाला आव्हान दिलं नाही, हे खरं आहे. मॅझोची लेखमाला बारा भागांची ठरली होती, चार छापून आले आणि निक्सनने त्याला बोलावून थांबवायला सांगितलं, देश ऐन शीतयुद्धात आहे वगैरे सांगून, हेही मॅझोने सांगितलंय. पण पक्ष गप्प बसला होता का? निवडणुकीनंतर तीनच दिवसांत पक्षाध्यक्ष थ्रस्टन मॉर्टनने ११ राज्यांत फेरमोजणी आणि चौकशीची मागणी केली, निक्सनची जवळची माणसं रॉबर्ट फिंच आणि लेनर्ड हॉल त्यात होती, कोर्टकचेऱ्या झाल्या. आणि इलिनॉयमध्ये हे प्रकरण शेवटी राज्याच्या निवडणूक बोर्डापुढे गेलं तेव्हा त्या पाच जणांच्या बोर्डात चार रिपब्लिकन होते, त्यात खुद्द गव्हर्नर विल्यम स्ट्रॅटन, जो त्याच निवडणुकीत ऑटो कर्नरकडून नुकताच हरला होता, म्हणजे ज्याच्या पोटात सगळ्यात जास्त दुखायला हवं तो माणूस. बोर्डाने एकमताने अर्ज फेटाळला, कारण पक्षाने एक, अगदी एकसुद्धा प्रतिज्ञापत्र जोडलं नव्हतं. आता याला मी डेलीची करामत म्हणू की रिपब्लिकनांचा आळस, तुम्हीच सांगा. (हाच कर्नर पुढे लाच प्रकरणात १९७३ मध्ये दोषी ठरला. इलिनॉयचे गव्हर्नर आणि जेल हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

माफियाबद्दल मात्र फार बोलण्यासारखं नाही. शिकागोच्या माफियाचा बॉस सॅम जिआंकाना अमुक म्हणाला आणि तमुक म्हणाली अशा आठवणींवर सगळं उभं आहे, त्यातल्या बऱ्याच वीस-तीस वर्षांनी सांगितलेल्या. ऐकायला मजा येते, पुरावा म्हणून शून्य.

तुम्ही विचारलंय की गडबड नव्हती तर निक्सनला बाकी सगळं राज्य मिळूनही तो हरला कसा, १०२ पैकी ९३ काउंट्या त्याच्या होत्या. साहेब, काउंट्या मतदान करत नाहीत, माणसं करतात. केनेडीने शिकागो शहरात ४,५६,३१२ ची आघाडी घेतली. आख्ख्या कुक काउंटीत ती ३,१८,७३६ वर आली, म्हणजे शिकागोला लागून असलेल्या उपनगरांनीच निक्सनला सव्वा लाखाहून जास्त परत दिली. तुमचं नेपरव्हिल जिच्यात येतं ती ड्युपेज काउंटी तर तेव्हा रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. उरलेलं सगळं शिकागोबाहेरच्या बाकी राज्यातल्या मक्याच्या शेतांनी आणि छोट्या गावांनी खाल्लं, तिथला प्रोटेस्टंट शेतकरी कॅथलिक राष्ट्राध्यक्ष मान्य करायला तयार नव्हता. पण तीच गोष्ट शिकागोत उलटी पडली, आयरिश, पोलिश, इटालियन, सगळे कॅथलिक, त्यांच्या धर्माचा माणूस पहिल्यांदा एवढ्या जवळ आलेला. त्यात दक्षिण शिकागोतल्या काळ्या वॉर्डांत काँग्रेसमन विल्यम डॉसनची यंत्रणा, आणि ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जियात जेलमध्ये असताना केनेडीने त्यांच्या बायकोला केलेला फोन. मतदानाच्या चार दिवस आधी, ४ नोव्हेंबरला, डेलीने शिकागोत मशालींची मिरवणूक काढली होती. एवढी आघाडी एका रात्रीत कब्रस्तानातून येत नाही. कब्रस्तानातून वरची काही हजार आली असतील, तो वाद वेगळा, आणि फरक ८,८५८ चाच होता म्हणून तो वाद कधी मिटणारही नाही.

डेलीने त्या रात्री केनेडीला फोनवर सांगितल्याचं केनेडीचा पत्रकार मित्र बेन ब्रॅडली याने लिहून ठेवलंय, की थोडं नशीब आणि काही जवळच्या मित्रांची मदत असेल तर इलिनॉय तुमचंच. हे वाक्य तुम्ही कबुलीजबाब म्हणून दिलंय. असेलही. पण शिकागोचा पुढारी निकालाच्या रात्री असंच बोलणार, त्याच्या तोंडून 'मतदारांच्या कौलाची वाट बघू' येणार आहे का? दोन्ही बाजू आकडे दाबून बसल्या होत्या, कारण आपला आकडा आधी फोडला तर समोरच्याला कळतं की किती कमी पडतायत.

तुम्ही एका राज्याचं नावच घेतलं नाहीत याचं मला नवल वाटलं. हवाई. तिथे आधी निक्सन १४१ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं, रिपब्लिकन कार्यवाहक गव्हर्नरने तसं सर्टिफिकेटही दिलं, मग कोर्टाने फेरमोजणी करायला लावली आणि केनेडी ११५ मतांनी पुढे आला. ६ जानेवारी १९६१ ला संसदेत मतं मोजायला उपराष्ट्राध्यक्ष म्हणून खुर्चीत कोण, तर निक्सनच. त्याच्यासमोर हवाईचे दोन्ही बाजूंचे कागद आले आणि त्याने केनेडीचे ग्राह्य धरले. मोठं मन दाखवायचं असेल तर हे दाखवा, हे कागदावर आहे. तीन मतांनी तसाही काही फरक पडणार नव्हता हे जरी खरं असलं तरी.

आणि खरंच भांडायचं असेल तर टेक्सासवर भांडा. तिथे लिंडन जॉन्सन एकाच मतपत्रिकेवर उपराष्ट्राध्यक्ष आणि सिनेटर दोन्हीसाठी उभा होता, निवडणूक बोर्ड पूर्ण डेमोक्रॅटांचं, आणि कागदी मतपत्रिकेवर नको असलेली नावं खोडायची पद्धत, म्हणजे एखादं नाव खोडायचं राहिलं की मत बाद करायचं की नाही हे मोजणाऱ्याच्या मनावर. रिपब्लिकनांचं म्हणणं होतं की आमची बाद केली आणि त्यांची तशीच चालवून घेतली. ४६ हजार भरून काढायला तेवढं पुरलं असतं का, यावर तुमच्याकडे काही आकडे असतील तर पाठवा, वेगळा लेख करू.