जनरेटर आहे, पण किती तास?

कुठल्याही गावाचा आपत्ती आराखडा उघडा. इतकी रुग्णालयं, इतके जनरेटर, इतक्या पाण्याच्या टाक्या, इतके अग्निशमन बंब, अशी मोजदाद सापडते. माझं मत स्पष्ट आहे, या मोजदादीला पाहणी म्हणता येणार नाही. जनरेटर असणं आणि संकटाच्या तिसऱ्या रात्री तो चालू असणं यात फार अंतर आहे, आणि माणसं दगावतात ती तिथेच.

प्रत्येक सुविधेपुढे आधी दोनच गोष्टी लिहा. बाहेरचा पुरवठा तुटला तर ती किती तास तग धरेल, आणि ती कशाकशाच्या जिवावर चालते.

दुसरा प्रश्न वरवर विचारला की काय होतं ते जगाने पाहिलंय. २०११ च्या त्सुनामीत फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राचे काही जनरेटर उंचावर असल्यामुळे वाचले, पण त्यांची वीज पुढे पोचवणारी पॅनेलं तळघरात बुडाली. शाबूत जनरेटर असून वीज नाही. पुढच्याच वर्षी सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर कोरडे होते, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते. माणसांनी जिन्यावरून हातोहात डिझेल वर नेलं, तरी शेवटी रुग्ण हलवावे लागले.

म्हणून डिझेलच्या टाकीपासून वॉर्डातल्या दिव्यापर्यंत सगळी साखळी पायी फिरून बघा. टाकी, पंप, फिल्टर, स्टार्टरची बॅटरी, चेंजओव्हर स्विच (बाहेरच्या विजेवरून जनरेटरच्या विजेवर नेणारा), पॅनेल, केबल. प्रत्येकाची उंची टेपने मोजा आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेशी ताडून बघा. एकही कडी त्या खुणेखाली असेल, तर पुरापुरता तिथे जनरेटर नाही असंच धरायचं.

आता तास. बऱ्यापैकी लोडवर डिझेल जनरेटर एका युनिटला साधारण ०.३ लिटर डिझेल खातो. म्हणजे १०० किलोवॉटच्या लोडला तासाला ३० लिटर. १,००० लिटरची टाकी कागदावर ३३ तास देते, पण पाहणीच्या दिवशी डिपस्टिक घालून बघितलं आणि टाकी अर्धी निघाली, तर हाती सोळाच तास. तळाशी पाणी आणि गाळ साचलेला असेल तर तेवढेही नाहीत, कारण तो गाळ फिल्टर तुंबवतो आणि इंजिन भर लोडवर असतानाच बंद पडतं. जादा फिल्टर जागेवर हवेत आणि ते रात्रपाळीच्या माणसाला बदलता यायला हवेत.

आठवड्यातून पाच मिनिटं लोडशिवाय जनरेटर चालवून रजिस्टरमध्ये सही करण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळालेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं आणि मनात मात्र खोटा भरवसा तयार होतो. महिन्यातून एकदा, क्षमतेच्या निदान ३० टक्के लोडवर, अर्धा तास चालवा. वेळेला जनरेटर सुरूच न होण्यामागे बहुतेकदा मरतुकडी बॅटरी असते, तिचं वय पाहणीत टिपा.

पाण्याचा हिशेबही तासांतच करायचा. मदतकार्यातलं प्रचलित किमान प्रमाण माणशी रोज १५ लिटर. २०,००० लोकवस्तीला ३ लाख लिटर. टाकीत तेवढं पाणी असलं तरी खालची लाइन फुटली की ते काही तासांत वाहून जातं. तेव्हा टाकीच्या तोंडचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार, चावी कुणाकडे, आणि मुख्य म्हणजे तो व्हॉल्व्ह फिरतो का? वर्षानुवर्षं न हललेले व्हॉल्व्ह जाम होतात. पाहणीच्या दिवशी प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवून बघाच. दाब गेला की गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी लाइनीत शिरतं, त्यामुळे पुरवठा परत सुरू झाल्यावर शेवटच्या नळाला उर्वरित क्लोरीन, म्हणजे जंतू मारून पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरीन, लिटरला ०.५ मिलिग्रॅम मिळतं का ते तपासावं लागतं.

त्यासाठी साठवलेली ब्लीचिंग पावडर जुनी असेल तर हिशेब चुकतो. एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतं. ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीतून ते सुमारे ६०० ग्रॅममध्ये मिळतं, तर २० टक्क्यांवर उतरलेली पावडर पुरी एक किलो लागते. गोण्या मोजू नका, ताकद तपासा.

ऑक्सिजनचंही तेच. सात घनमीटरचा सिलिंडर, मिनिटाला दहा लिटर, एक रुग्ण. बारा तासही पुरत नाही.

सर्वांत अवघड असतं एकमेकांत अडकलेलं परावलंबन. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात कडाक्याच्या थंडीत वीज कपात झाली, तेव्हा गॅस पुरवणाऱ्या काही केंद्रांचीही वीज तोडली गेली, कारण ती अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत नव्हती. त्याच गॅसवर वीजकेंद्रं चालत होती. वीज कंपनीकडे जाऊन आपलं पंपिंग स्टेशन कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कोणत्या वीजवाहिनीवर, आहे आणि तो फीडर कपातीतून वगळलाय का, हे लेखी घ्या. दोन स्वतंत्र म्हणून दाखवलेल्या फायबर केबल एकाच पुलावरून जात असतील तर ती एकच केबल समजा. पेट्रोल पंपाला पर्यायी वीज नसेल, तर जमिनीखालच्या टाकीतलं इंधन तिथेच राहील.

आणि कृपा करून गुणांची सरासरी काढू नका. नऊ बाबतींत उत्तम आणि इंधनात शून्य असलेल्या रुग्णालयाची सरासरी छान दिसते आणि अहवालात ते हिरव्या रंगात जातं. प्रत्येक सुविधेसमोर तिच्या सर्वांत कमकुवत कडीचे तास लिहा, चढत्या क्रमाने लावा आणि वरून दुरुस्त्या सुरू करा. पुष्कळदा पहिल्या ओळीत एखादी बॅटरी, एखादा जाम व्हॉल्व्ह किंवा ज्याचं घर त्याच पुराच्या पट्ट्यात आहे असा एकमेव ऑपरेटर निघतो. त्याच्या जागी उभा राहू शकेल असा दुसरा माणूस आजच तयार करायला घ्या.